घाटातच गाडी का तापते? पिकअपचा काटा वर जाण्याचं कारण कसं शोधायचं

आंब्याचा सीझन लागला की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. "सपाटीला गाडी मस्त चालते, घाट लागला की तापमानाचा काटा वर चढतो. कूलंट बदललं, थर्मोस्टॅट बदलला, तरी तेच." माझ्या पिकअपने मला दोन सीझन याच त्रासात ठेवलं होतं. आता ती बरी आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. दुसऱ्या कुणाचा आंबा घाटात उन्हात उभा राहू नये, एवढ्यासाठी.

आधी माझी परिस्थिती. गाडी देवगडची. आंबा भरून जायच्या दोन वाटा. एक वाशीची: नांदगाव तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला लागायचं आणि राजापूर, हातखंबा, चिपळूण, महाड, पनवेल करत साडेचारशे किलोमीटरच्या आसपास धावायचं. दुसरी कोल्हापूरची: नांदगावहून फोंडा, फोंडाघाट चढून दाजीपूर, राधानगरी. लोड बहुतेक वेळा सारखाच, साठ-पासष्ट पेट्या.

वाशीला जाताना काटा निम्म्याच्या वर कधी गेला नाही. कशेडीला बोगद्यातून जाता येऊ लागल्यापासून तर त्या बाजूची मोठी चढण जवळपास संपलीच. पण फोंडाघाटात निम्मा चढ झाला की काटा पाऊण भागावर यायचा, वरच्या वळणांना लाल पट्टीला टेकायचा. कसाबसा माथा गाठला की दाजीपूरच्या जंगलातल्या सपाट रस्त्यावर चार-पाच किलोमीटरमध्ये परत निम्म्यावर. त्यामुळे प्रत्येक वेळी वाटायचं, घाटच कडक आहे, गाडी भरलेली आहे, एवढं तापणारच. तसं नव्हतं. चांगल्या तब्येतीची, पासिंगएवढाच, म्हणजे आरटीओने मंजूर केलेला लोड घेतलेली पिकअप मे महिन्याच्या दुपारीसुद्धा फोंडाघाट काटा फारसा न हलवता चढते. चढायलाच हवी.

मी आधी कूलंट बदललं. मग थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप. मग एका गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून वॉटर पंप. पंप काढला तेव्हा त्याचं पातं शाबूत, बेअरिंगला आवाज नाही. तरीही नवा बसवला. पुढच्याच खेपेला पुन्हा तोच काटा, त्याच वळणावर. शेवटी कणकवलीच्या बाजूला एक वयस्कर मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गेलो. बॉनेट उघडायच्या आधी त्यांनी विचारलं, "गाडी खंय तापता, ता आदी सांग. कित्याक तापता, ता मगे बघया."

या लेखाचा मुद्दा एवढाच आहे. गाडी कुठे आणि कधी तापते, यावरून कुठला पार्ट बघायचा ते बरंचसं ठरतं.

कुठे तापते?

मोकळ्या महामार्गावर, साठ-सत्तरच्या वेगात, सपाटीला काटा चढत असेल तर हवा कमी पडत नाही. त्या वेगात समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो, पंख्याची फारशी गरज नसते. तेव्हा दोष पाण्याच्या फिरण्यात: थर्मोस्टॅट अडकलेला, पंपाचं पातं झिजलेलं, बेल्ट घसरणारा किंवा रेडिएटर आतून क्षार धरून बसलेला.

जत्रेच्या गर्दीत, टोलच्या रांगेत उभी असताना तापते आणि चालायला लागली की उतरते, तर सरळ पंख्याकडे बघा.

चढणीला, दुसऱ्या गिअरमध्ये, वीस-पंचवीसच्या वेगात तापते आणि सपाटीला लगेच सुधारते, तर इंजिनावर भार पूर्ण आहे आणि समोरचा वारा जवळपास शून्य आहे. सगळी भिस्त पंख्यावर आणि रेडिएटरच्या बाहेरच्या, उष्णता वाऱ्यात सोडणाऱ्या धातूच्या पापुद्र्यांवर. माझं दुखणं हेच होतं. सपाटीला ती ठणठणीत चालत होती, याचा अर्थ पंप, थर्मोस्टॅट, कूलंट हे सगळं ठीक होतं. म्हणजे मी पैसे घातले ते नेमके चांगल्या पार्टांवर.

इंजिन बंद केल्यावर दोन मिनिटांनी काटा थोडा वर जातो, तो दोष नव्हे. पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिनाची उष्णता जागच्या पाण्यात उतरते. त्याला घाबरू नका.

आणि काटा खरं बोलतोय ना, तेही एकदा बघा. सेन्सर खराब असला की थंड गाडीलाही लाल दाखवतो. वर्कशॉपमधलं इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घराजवळ धरलं की खरं तापमान कळतं. करोनाच्या काळात घरात आलेलं कपाळाचं थर्मामीटर इथे उपयोगाचं नाही, ते शंभर अंशांपर्यंत वाचतच नाही.

वारा मिळतोय का?

मिस्त्रीकाकांनी समोरची जाळी काढली. माझ्या गाडीला एसी आहे, म्हणजे पुढे एसीचा कंडेन्सर आणि त्याच्या मागे बोटभर अंतरावर रेडिएटर. पुढून पाहिलं तर कंडेन्सर स्वच्छ. दर आठवड्याला मी तो धुतच होतो. त्यांनी वरचे दोन बोल्ट सैल करून कंडेन्सर थोडा पुढे ओढला आणि मोबाईलची बॅटरी त्या फटीत धरली.

आत घोंगडीच्या तुकड्यासारखा थर होता. जांभ्याची लाल धूळ, महामार्गाच्या कामाची सिमेंटसारखी राखाडी माती, मेलेली पाखरं, आणि त्यात पेंढ्याच्या काड्या. पेटीत आंबा रचताना पेंढा घालतात, आमच्या खळ्यात तो सगळीकडे उडत असतो आणि गाडी तिथेच उभी असते. थराच्या खालच्या कडेला तपकिरी झालेल्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या. दसऱ्याला जाळीला बांधलेल्या झेंडूच्या तोरणाच्या. रेडिएटरचा खालचा अर्धा भाग पूर्ण बंद होता.

"हिका वारोच गावना नाय," ते म्हणाले. दोन सीझनचं दुखणं त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

आता धुण्याची पद्धत, कारण इथे चूक झाली तर रेडिएटर कायमचा जातो. इंजिन पूर्ण थंड असू द्या. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे वारा ज्या दिशेने येतो त्याच्या उलट. पुढून मारलं तर कचरा आणखी आत ठासला जातो. मी दर आठवड्याला नेमकं तेच करत होतो. सर्व्हिस सेंटरची प्रेशरगन जवळून मारू नका. ॲल्युमिनियमचे पापुद्रे कागदासारखे पातळ असतात, एका फटक्यात आडवे होतात आणि आडवा झालेला पापुद्रा म्हणजे बंद खिडकी. बाग शिंपायचा साधा पाइप पुरतो. थोडं साबणाचं पाणी आधी शिंपडून पंधरा मिनिटं भिजू द्यावं, मग पाइप. माझ्या गाडीखाली पहिली दहा मिनिटं गेरू कालवल्यासारखं लाल पाणी वाहत होतं. अर्ध्या तासाने ते स्वच्छ आलं. वाकलेले पापुद्रे बोथट सुरीच्या पाठीने हळूहळू सरळ केले.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना एक गोष्ट वेगळी बघावी लागते. खाऱ्या हवेने पापुद्रे खंगतात. नखाने हलकेच खरवडून पाहा. पांढरट भुकटी पडली, किंवा पापुद्रे नळ्यांपासून सुटून हलायला लागले, तर रेडिएटर दिसायला कितीही स्वच्छ असला तरी उष्णता बाहेर टाकणार नाही. तो बदलावाच लागतो, धुण्याने काही होत नाही. मासळी वाहणाऱ्या गाड्यांमध्ये हे फार लवकर होतं. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशा फेरीबोटीने वारंवार जाणाऱ्यांनी जेटीच्या उतारावरचं खारं पाणी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावं. खालून, चासीसकट.

जाळीसमोर काय काय लावलंय तेही बघा. मोठे फॉग लॅम्प, रुंद नंबरपाटी, लोखंडी गार्ड, देवाच्या नावाचा बोर्ड. यातली प्रत्येक वस्तू वाऱ्याचा वाटा खाते. देवाचा बोर्ड मी काढलेला नाही, काचेच्या वर नेला.

पंखा

रेडिएटर धुतल्यावर फरक पडला, पण पूर्ण नाही. काटा लाल पट्टीला टेकायचा तो आता पाऊण भागावर थांबू लागला. उरलेलं दुखणं विस्कस कपलिंगमध्ये होतं.

बऱ्याच डिझेल पिकअपना पंखा थेट पुलीवर नसतो, मध्ये हे कपलिंग असतं. त्याच्या तोंडावर गोल गुंडाळलेली धातूची पट्टी असते. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की ती पट्टी फिरते, आतलं सिलिकॉनचं तेल कामाच्या खणात सोडते आणि पंखा इंजिनाला धरून जोरात फिरायला लागतो. हवा थंड झाली की पकड सुटते. तेल गळून गेलं किंवा पट्टी निकामी झाली तर पंखा फिरताना दिसतो, पण नुसता वाऱ्यावर फिरल्यासारखा. त्यात जोर नसतो. म्हणूनच हा दोष नजरेला सापडत नाही.

तपासायला सोपं आहे. गाडी चांगली तापवा, मग इंजिन बंद करून चावी काढून घ्या. चावी काढल्याशिवाय हात घालू नका. पंखा हाताने फिरवून सोडा. चांगलं कपलिंग गरम असताना जड लागतं आणि हात सोडला की लगेच थांबतं. माझा पंखा दोन-तीन वेढे आरामात फिरत राहिला. कपलिंगच्या मधोमध काळपट तेलकट चिकटाही दिसत होता, तीही खूण. दुसरी खूण कानाची: घाटात गाडी तापायला लागली की पंख्याचा मोठा घोंगावणारा आवाज यायला हवा. तो आवाज गेल्या वर्षभरात ऐकलाच नव्हता, हे मला तेव्हा आठवलं. गाडी शांत झाली म्हणून मला उलट बरंच वाटलं होतं.

तुमच्या गाडीला इलेक्ट्रिक पंखा असेल तर फ्यूज, रिले आणि मोटर बघा. एसी चालू केल्यावर पंखा फिरतो की नाही, ही पहिली चाचणी.

पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं जागेवर आहे ना, हेही बघा. कुठल्या तरी दुरुस्तीत ते काढतात आणि "काय गरज नाही" म्हणून गॅरेजच्या कोपऱ्यात राहतं. कडं नसलं की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच परत परत घुसळतो. माझ्या गाडीचं कडं खालच्या बाजूने फुटलेलं होतं, तेही बदललं.

पाणी आणि झाकण

रेडिएटरचं झाकण स्वस्त असतं, म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही. पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं कूलंट निम्मं पाणी असं मिश्रण साधारण १०७ ला. झाकण आतला दाब हवेपेक्षा जवळजवळ एका बारने वाढवतं, म्हणून तेच मिश्रण १२० च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं, त्याला चीर गेली, की हा सगळा फायदा संपतो. उंचीवर उकळण्याचा बिंदू आणखी खाली येतो; आंबोली ६९० मीटरवर आहे, तिथे साधं पाणी दोनेक अंश आधीच उकळतं. गाडी थंड झाल्यावर वरचा होज पाइप आत चपटा ओढला गेलेला दिसला, तर झाकणाची परत पाणी घेणारी झडप अडकलीय. झाकण बदला, गाडीच्या दाबाचंच घ्या. जास्त दाबाचं घेतलं तर जुना होज फुटतो.

विहिरीचं पाणी घालू नका. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. त्या पाण्यातलं मीठ ॲल्युमिनियम आतून खातं आणि क्षार नळ्यांत बसतात. घाटात अडचण आली तर जे पाणी मिळेल ते घाला, जीव महत्त्वाचा. पण घरी पोचल्यावर सगळं काढून डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरा. आधी भरलेलं कूलंट कुठल्या जातीचं आहे ते माहीत नसेल तर त्यात दुसरं मिसळू नका, सगळंच बदला.

आणि "थर्मोस्टॅटच काढून टाक, कटकट नको" हा सल्ला ऐकू नका. आमच्याकडे तो सर्रास मिळतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडतो, त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला राहतं. तो काढला की सपाटीला इंजिन थंड चालतं, डिझेल जास्त पितं, लवकर झिजतं. काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडी राहते, थोडं पाणी रेडिएटरला न जाताच फिरतं आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते. थर्मोस्टॅटचा संशय असेल तर काढून टोपात पाण्यात उकळा. उघडताना डोळ्यांना दिसतो.

बाहेर कुठे गळत नाही आणि तरी पाणी कमी होतंय, तर वरच्या सगळ्या गोष्टी बाजूला ठेवा. सकाळी थंड गाडीचं झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, किंवा झाकण लावून सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पॅकिंगचा संशय धरा. ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ चहाच्या रंगाचा लगदा दिसला तर गाडी चालवूच नका. नव्या बीएस-६ गाड्यांत ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा भाग) आतून गळूनही पाणी जातं. ही कामं रस्त्यावरची नाहीत.

घाटात काटा चढलाच तर

पाऊण भागावर आला की थांबायची वाट बघू नका. एसी बंद. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. केबिनमध्ये जीव नकोसा होतो, पण इंजिनाची बरीच उष्णता त्यातून बाहेर पडते. गिअर खाली पाडा. तिसऱ्यात रखडत चढण्यापेक्षा दुसऱ्यात मोकळी चढू द्या, कारण पंप आणि पंखा दोन्ही इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात. रखडणाऱ्या इंजिनाला ना पुरेसं पाणी मिळत ना वारा.

तरीही उतरला नाही तर सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या, वळणावर नको. हँडब्रेक, चाकाखाली दगड. वाफ येत नसेल आणि पाणी असेल तर लगेच बंद न करता न्यूट्रलमध्ये दोन-तीन मिनिटं थोडा रेस देऊन ठेवा. वाफ निघत असेल, पाणी फेकलं असेल किंवा काटा लालच्या शेवटाला असेल तर ताबडतोब बंद.

मग वाट बघा. अर्धा-पाऊण तास. झाकण उघडायची घाई करू नका. दाबाखालचं ते पाणी तोंडावर उडालं की डोळे आणि चेहरा जातो, हे मी एका गाडीच्या क्लीनरच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय. आंबा खराब होईल ही भीती मलाही असते, पण चौदा आणे तयार झालेला, म्हणजे पूर्ण पिकायच्या आधी उतरवलेला आंबा पाऊण तासात सडत नाही. ताडपत्री मागून मोकळी करा, हौद्यात वारा खेळू द्या. गाडी हाताला सोसेल इतकी थंड झाली की जाड ओल्या फडक्याने झाकण अर्धा वेढा फिरवा, दाब जाऊ द्या, मग काढा. पाणी इंजिन चालू ठेवून हळूहळू घाला. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतलं तर हेडला चीर जाते.

निघताना चाकाखालचा दगड उचलून कठड्याकडे टाका. रात्री घाट उतरणारा दुचाकीवाला त्या दगडाने मरतो. दाजीपूरच्या पट्ट्यात रात्री उतरावं लागलं तर बॅटरी मारून दोन्ही बाजू बघूनच खाली पाय ठेवा, गवे रस्त्यावर येतात.

माझ्या गाडीचं सांगायचं तर रेडिएटर धुणं, विस्कस कपलिंग आणि पंख्याचं कडं, एवढ्यावर काम संपलं. या सीझनला फोंडाघाट भरल्या गाडीने नऊ वेळा चढलो, त्यातल्या दोन खेपा भर दुपारच्या. चौथ्या वळणाला पंखा घोंगावायला लागतो, काटा निम्म्याच्या किंचित वर जातो आणि तिथेच राहतो. कूलंटच्या बाटलीवर मार्करने रेघ मारून ठेवलीय, रोज सकाळी गाडी थंड असताना बघतो. पेट्या उतरवून रिकामा परतलो की खळ्यात गाडी आता तोंड समुद्राकडे करून लावतो, पेंढ्याच्या ढिगाकडे पाठ. महिन्यातून एकदा कंडेन्सर सैल करून फटीत बॅटरी मारतो. गेल्या वेळी चार काड्या निघाल्या.